खेळाचा भाव

वीजघरातल्या आमच्या ड्राफ्ट्समनला बढती मिळाली, तेव्हा सगळी वसाहत त्याच्या घरी जाऊन "फार आनंद झाला" असं सांगून आली. आमचे स्टोअरकीपर संध्याकाळी गेले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा कोट, डोक्याला टोपी. दारातच उभं राहून म्हणाले, "अभिनंदन करायला आलेलो नाही. जळतोय. दुपारचं जेवण अजून उतरलेलं नाही. चहा टाकायला सांगा." मग ऐसपैस बसून दोन कप चहा प्याले, पगार किती वाढला, कुठल्या तारखेपासून वाढला हे खोदून खोदून विचारलं, प्रत्येक उत्तराला "अरेरे" म्हणाले, आणि निघताना ड्राफ्ट्समनच्या लेकीच्या हातावर खडीसाखर ठेवून गेले. ड्राफ्ट्समन मला नंतर म्हणाला, "दिवसभरात हा एकटाच माणूस खरं बोलून गेला."

ही तीस सालच्या आसपासची गोष्ट. भिवपुरीच्या वीजघरात मी कारकून म्हणून लागलो होतो आणि स्टोअरमध्ये त्यांच्या हाताखाली होतो. तांब्याच्या तारांची वेटोळी, तेलाची पिंपं, लाकडी पेट्यांत भुसा भरून ठेवलेले दिवे, असा त्यांचा संसार. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. वसाहतीत त्यांना 'स्टोअरकीपर' आणि आसपासच्या गावांत 'ष्टोरसायब' म्हणत, तेवढं पुरे.

लहानसहान मत्सर ते जागच्या जागी बोलून मोकळे व्हायचे. शेजाऱ्याच्या आंब्याला मोहर जास्त आला, "जळलो." टेबलावर डोकं टेकताच मला झोप लागते हे पाहिलं, "जळलो रे." कर्जतचे म्हातारे पोस्टमास्तर वारले, तेव्हा नदीवर जमलेली माणसं बघून माझ्या कानाशी पुटपुटले, "एवढी गर्दी! आपल्याला कोण येणार?" मोठा मत्सर असला की मात्र कोट-टोपी घालून त्या माणसाच्या घरी जायचं, हा त्यांचा शिरस्ता.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की हे बोलून दाखवायची काय गरज? तर म्हणाले, "पोटात ठेवलं की नासतं. मग आपण त्या माणसाचं वाईट चिंतायला लागतो. तोंडावर सांगितलं की तोही सुटला आणि आपणही."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या हसून सांगायच्या, "आमच्या लग्नात माझ्या भावाचा फेटा ह्यांच्याहून झोकात बांधला गेला होता. सप्तपदी चालताना मला सांगितलंन्, 'तुझ्या भावावर जळतोय.' म्हटलं, चला, कळलं कुणाच्या घरी आले ते."

कर्जतला तेव्हा एक क्लब होता. वकील, मामलेदार, रेल्वेचे आणि वीजघराचे अधिकारी आणि आमच्यासारखे थोडे कमी वर्गणीतले लोक. क्लबात पत्ते होते, वर्तमानपत्रं होती, आणि शेणाने सारवून चुन्याच्या रेघा मारलेलं एक टेनिसचं कोर्ट होतं. सुटी झाली की मी आणि स्टोअरकीपर सायकली काढून तिथे जायचो. चाळिशी उलटलेला, काटकुळा, पँटवर धोब्याची काळी खूण मिरवणारा हा माणूस तिथला सगळ्यांत चांगला खेळाडू होता. त्यांचा खेळ कुठल्याच पुस्तकात बसला नसता. त्यांना बॅकहँड म्हणून नव्हताच. चेंडू डावीकडे आला की रॅकेट उजव्या हातातून डाव्या हातात जायची आणि तिकडूनही तेवढाच सणसणीत फटका यायचा. नवा माणूस समोर असला की तो चेंडू बघायचा सोडून त्यांचे हातच बघत राहायचा.

क्लबाचा वार्षिक कप त्यांच्याकडे असायचा. त्यांच्या घरी असे बरेच कप होते. मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलेलं. एका कपाने वहिनी तांदूळ मोजायच्या, एकात लिंबं ठेवायच्या.

डबल्समध्ये मी त्यांचा जोडीदार होतो. माझा खेळ बेताचा. मी नेटपाशी उभा राहायचो आणि माझ्या मागे ते सगळं कोर्ट सांभाळायचे. पण कोर्टावर आमच्या जोडीचं नाव एका दमात घेतलं जायचं, आणि त्या वयात माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

क्लबाचा मार्कर होता गोमा. मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी खेळाडू. त्याने कोर्ट राखायचं, गुण पुकारायचे आणि एखाद्या सभासदाचा जोडीदार आला नाही तर त्याच्याशी खेळायचं. गोमा उल्हास नदीच्या काठच्या एका गावातला. माथेरानला पाहुण्यांचे चेंडू वेचता वेचता खेळ शिकलेला. गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता. केसांना तेल चापून लावायचा, कुणा साहेबाने टाकलेला निळा ब्लेझर भर चैत्रातही अंगात घालायचा आणि अनवाणी खेळायचा. "आपल्या मनगटात ईज हाय, सायब," असं मामलेदारांनाच सुनवायचा. मामलेदारांबरोबर खेळताना हरायचं असतं, हे त्याला माहीत होतं आणि तो हरायचाही. पण हरताना असा काही जांभई द्यायचा, की जिंकणाऱ्याचा चेहरा पडायचा.

एका वर्षी मुंबईत मार्कर लोकांची एक स्पर्धा भरली. तिथे कप नव्हता. रोख बक्षीस होतं. पहिल्याला पाचशे रुपये, दुसऱ्याला त्याच्या निम्मे, आणि तसंच खाली उतरत उतरत. गोमा गेला आणि दुसरा आला.

त्याने कप आणला असता तर आम्ही त्याला हार घातला असता. सेक्रेटरी वकिलांनी भाषण केलं असतं, चहा-चिवडा झाला असता. त्याने पैसे आणले. माझ्या सहा महिन्यांच्या पगाराहून जास्त. तेव्हा हाराचं कुणाला सुचलंच नाही. वकील म्हणाले, "पैसा आला की खेळातली चव गेली." मामलेदार म्हणाले, "आता चेंडू उचलून देईल का हा आपल्याला?" मी जोरात मान डोलावली. त्या दिवशी क्लबात प्रत्येकाचं पोट दुखत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला ओवा सुचवत होता.

 स्टोअरकीपर दुसऱ्या दिवशी उन्हाच्या तलखीत कोट-टोपी घालून मला म्हणाले, "चल, गोमाकडे जायचंय."

गोमाच्या अंगणात नवी म्हैस बांधलेली होती. हे दारात उभे राहिले. "गोमा, अभिनंदन करायला आलेलो नाही. जळतोय."

गोमा बघतच राहिला. मग एवढा हसला, की आतून त्याची बायको धावत बाहेर आली. "जळा की, सायब! बसा नि जळा. आमच्यावर आजपातुर कोन जळलंच नाय."

त्यांनी सगळं विचारून घेतलं. पैसे हातात दिले की पाकिटात? पाकिटावर नाव होतं का? कुणी दिले? देताना काय म्हणाले? परतताना सायकल हातात धरून चालतच राहिले. फाट्यापाशी आल्यावर म्हणाले, "मी दर वर्षी कप आणतो. बायको त्यात लिंबं ठेवते. माझा खेळ किती रुपयांचा आहे, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही रे."

पुढच्या वर्षी त्या स्पर्धेची जाहिरात आली आणि त्यांनी नाव दिलं.

क्लबात हलकल्लोळ झाला. तेव्हाचा कायदा असा, की हौसेने खेळणारा तो सभ्य खेळाडू आणि पैशासाठी खेळणारा तो धंदेवाईक. एकदा धंदेवाईक झालेल्या माणसाला हौशी लोकांच्या स्पर्धांचं दार कायमचं बंद. सेक्रेटरी वकिलांनी त्यांना बोलावून समजावलं, "अहो, तुम्ही घरंदाज माणूस. मार्कर लोकांत जाऊन पैशासाठी खेळणार? आम्हाला तुमचं नाव काढावं लागेल."

"वकीलसाहेब, तुम्ही अशील फुकट सोडवता का?"

"ती विद्या आहे."

"मग ही काय मजुरी आहे? असली तरी भाव कळू दे की."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आणि आपली डबल्स?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. "अरे, हो," ते म्हणाले. "तू दुसरा कोणी बघ." ते वाक्य किती तरी दिवस माझ्या घशाखाली उतरलं नाही.

गोमाला कळलं तेव्हा तो कोर्टावर रूळ ओढत होता. रूळ तिथेच सोडून तरातरा आला. "ष्टोरसायब, तुमची नोकरी हाय. पगार हाय. घरात कप हायती. आमच्या ताटात कशाला हात घालता?"

 गोमा बोलला ते खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्याला उलटून बोलणं स्टोअरकीपरांना जमायचं नाही. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे, गोमा. पण मला राहवत नाही. असं कर, मी जिंकलो तर पैसे तुझे."

गोमा पेटलाच. "भीक घालता काय वो? जिकलाव तं घरी न्या. आधी जिका तं खरं."

मुंबईला मी त्यांच्याबरोबर गेलो. पहिल्या दिवशी पुण्याकडच्या एका क्लबाचा दांडगा मार्कर त्यांच्या वाट्याला आला. हे पांढरी टोपी घालून, हडकुळे पाय टाकत कोर्टावर आले तेव्हा तो हसला. मग रॅकेट या हातातून त्या हातात जायला लागली आणि त्याचं हसू आटलं. स्टोअरकीपर जिंकले. दुसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर चिठ्ठी निघाली गोमाची. रोज एकाच कोर्टावर वावरणारी दोन माणसं, एकमेकांशी खरं खेळायला त्यांना मुंबईपर्यंत यावं लागलं.

असा खेळ मी त्याआधी पाहिला नव्हता. गोमा रागाने खेळत होता. मामलेदारांपुढे इतकी वर्षं गिळलेला सगळा खेळ त्याने त्या दिवशी बाहेर काढला. आणि हे वेड्यासारखे धावत होते, दोन्ही हातांनी परतवत होते. गोमाने एकदा चेंडू असा काही रेघेवर टाकला, की हे जागीच थांबले आणि ओरडले, "जळलो!" अंपायर एक पारशी गृहस्थ होते. त्यांनी घाबरून खेळ थांबवला आणि कुठे भाजलं, असं विचारायला खाली उतरले. लोक हसले. गोमा मात्र हसला नाही. पाचव्या सेटपर्यंत ते दोघं एकमेकांना सोडत नव्हते. सावल्या कोर्टभर पसरल्या तेव्हा गोमा जिंकला, आणि नेटपाशी हात मिळवताना त्याचे पाय लटपटत होते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीत त्याच्या पायांत गोळे आले. ज्याला त्याने आदल्या वर्षी सहज हरवलं होतं, त्या माणसाकडून तो हरला. पहिलं बक्षीस गेलं, दुसरंही गेलं. जे हाती आलं त्यात वैरणही आली नसती.

परतीच्या गाडीत गोमा डब्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला. स्टोअरकीपरांच्या हातात त्यांचं पाकीट होतं. त्यावर त्यांचं नाव लिहिलेलं होतं. ते सारखं उलटसुलट करून बघत होते. "पंधरा रुपये," ते म्हणाले. "पंधरा रुपयांचा खेळ आहे माझा. कळलं बुवा एकदाचं." आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मग त्यांची नजर गोमाच्या पाठीवर गेली आणि तो आनंद हळूहळू विझला. "ह्याचा घास मात्र मी घालवला," ते म्हणाले. पाकीट त्यांनी खिशात घातलं, ते भिवपुरी येईपर्यंत पुन्हा बाहेर काढलं नाही.

वहिनींनी ते पंधरा रुपये देवापुढे ठेवले आणि त्यातून एक जाडजूड पितळेचं पातेलं घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते दाखवायच्या. "हे ह्यांच्या खेळाचं." कप त्यांनी कधी कुणाला दाखवले नव्हते.

क्लबाने नाव काढलं. वर सेक्रेटरींनी फर्मान काढलं, की कुणाही सभासदाने त्यांच्याबरोबर खेळू नये. पहिल्याच संध्याकाळी सवयीने ते पांढऱ्या पँटीत क्लबावर आले, आणि त्यांना फाटकापाशी अडवायचं काम गोमाकडे आलं.

"सायब, आत सोडू नको म्हून सांगितलंय मला."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि सायकल वळवून गेले. मी आत जाऊन खेळलो. माझा नवा जोडीदार, तो बढतीवाला ड्राफ्ट्समन, प्रत्येक चेंडूला "तुमचा, तुमचा" म्हणत बाजूला व्हायचा.

पाऊसकाळ गेला. दिवाळीच्या सुमारास मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. समोरून गोमा आला. ब्लेझर घातलेला, केसांना तेल, पायांत चक्क वहाणा. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सायब, रामराम घालाया आलो नाय. जळतुय."

स्टोअरकीपर उभे राहिले. "कशावर?"

"तुमच्या डाव्या हातावर. मुंबैपास्नं डोळ्यापुढून जात नाय तो." मग जरा घुटमळून म्हणाला, "कलबात कोन खेळंल माज्याशी? समदी जांबया देनारी. मला तुमीच लागंल. भात झोडून झालं की आमचं खळं मोकळंच हाय."

 आजवर स्टोअरकीपर एवढ्या लोकांवर जळले होते, पण त्यांच्यावर कोणी जळत आलं नव्हतं. वहिनींनी आतून नव्या पातेल्यात चहा टाकला.

खळं म्हणजे तरी काय, शेणाने सारवलेली सपाट जमीनच. शेजारच्या खाचराचा बांध फोडून त्यांनी ते लांबीला वाढवलं. दोन बांबूंना एका कातकऱ्याकडून घेतलेलं मासे धरायचं जुनं जाळं बांधलं. रोज सकाळी वीजघराचा भोंगा व्हायच्या आधी दोघं तिथे खेळायचे. बांधावर गावातल्या बाया डोक्यावरची पाटी न उतरवता उभ्या राहून बघायच्या. मी कामावर जाताना मुद्दाम त्या वाटेने जायचो. लांबून "जळलो!" ऐकू यायचं. त्याला आता दुसऱ्या बाजूने, तेवढ्याच मोठ्याने, "म्या बी!" असं उत्तर यायचं. मी पायडलवर जोर देऊन पुढे निघून जायचो. माझी जोडी होती ती. माझ्या मागे धावणारे पाय आता दुसऱ्यासमोर धावत होते, आणि गोमाने माझ्या हातातून काय नेलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढच्या वर्षी स्टोअरकीपर मुंबईच्या स्पर्धेला गेले नाहीत. "आता मी गोमाचा सराव," म्हणाले. गोमाने पहिलं बक्षीस आणलं. नदीकाठची जमीन घेतली. क्लबात पुन्हा सगळ्यांचं पोट दुखलं, आणि स्टोअरकीपर पुन्हा कोट-टोपी घालून त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी मला बरोबर नेलं नाही.

मग मी हट्टाला पेटलो. सकाळ-संध्याकाळ एकटाच भिंतीवर चेंडू मारायचो. नाताळात क्लबाची स्पर्धा झाली आणि सिंगल्सचा कप मी जिंकला. सेक्रेटरींनी भाषण केलं, हार घातला. तो हार गळ्यात ठेवूनच मी सायकलवर बसलो आणि थेट त्यांच्या घरी गेलो. गोमा ओटीवर बसला होता. दोघं मिळून एका रॅकेटची तात ओवत होते. मी कप त्यांच्यासमोर ठेवला आणि उभा राहिलो.

ते उठले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वा! अभिनंदन. मनापासून सांगतो, फार आनंद झाला."

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. मला वाटतं, तिथे त्यांना आणि मलाच कळलं काय झालं ते. माझ्या झोपेवर ते जळले होते. माझ्या खेळावर एवढ्या वर्षांत कधीच नाही. ड्राफ्ट्समनच्या बढतीवर, पोस्टमास्तरांच्या मयतावर जळणाऱ्या या माणसाने मला शुद्ध, निखळ आनंदाने शाबासकी दिली, आणि घरी जाईपर्यंत तो हार मला मानेला टोचत राहिला.

आठवडाभर मी त्या वाटेने गेलो नाही. मग एका सकाळी रॅकेट पाठीला बांधली आणि सायकल खळ्याकडे वळवली. मला पाहून दोघं थांबले.

"क्लबात कळलं तर तुझं नाव काढतील," स्टोअरकीपर म्हणाले.

"काढू दे."

"कप पुन्हा मिळायचा नाही."

"नको."

 गोमाने अंगरख्याच्या बाहीने कपाळ पुसलं आणि जाळ्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "तं मंग तिकडं हुबं ऱ्हा. पयल्या चेंडूला हात लागंल असं धरून चालू नको."

मी पायातले बूट काढून बांधावर ठेवले आणि जाऊन उभा राहिलो. जमीन गार होती. पहिला चेंडू कधी आला आणि कधी मागच्या खाचरात गेला, ते कळलंच नाही. बांधावरच्या बाया हसल्या. दुसऱ्याला रॅकेट लागली.